न्यू मेक्सिको : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास ही नावं मराठी घरांत रोजची झाली आहेत. न्यू मेक्सिको मात्र अजून नकाशावरच राहिलं आहे. अमेरिकेचा इतिहास आपण पूर्व किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांपासून वाचतो आणि मग पश्चिमेकडे सरकत जातो. न्यू मेक्सिकोत तो क्रम चालत नाही. इथे युरोपीय माणूस दक्षिणेकडून आला, इंग्रजांच्या आधी आला, आणि तो आला तेव्हा इथे दगडामातीची नांदती गावं होती. त्यांतली बरीच गावं आजही नांदती आहेत. या राज्याचा झेंडा, खाणं, कायदे आणि भांडणं या एका गोष्टीपाशी येऊन पोचतात, म्हणून खालची उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत.

न्यू मेक्सिको हा मेक्सिको देशाचाच भाग ना?

नाही. ते अमेरिकेच्या संघराज्यातलं ४७वं राज्य आहे. हा गैरसमज खुद्द अमेरिकेतही इतका पसरलेला आहे की इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'न्यू मेक्सिको यूएसए' असं छापतात. नंबरप्लेटवर देशाचं नाव घालणारं दुसरं राज्य नाही.

नाव मात्र मेक्सिको या देशापेक्षा जुनं आहे. ॲझ्टेकांची राजधानी लुटून गबर झालेल्या स्पॅनिशांना उत्तरेलाही तसंच एखादं श्रीमंत नगर सापडेल अशी आशा होती. त्या आशेपोटी १५६० च्या दशकात उत्तरेकडच्या मुलखाला 'नुएव्हो मेहिको' म्हणायला सुरुवात झाली. मेक्सिको देश स्पेनपासून स्वतंत्र झाला तो १८२१ मध्ये. सोन्याचं नगर काही सापडलं नाही, नाव तेवढं राहिलं.

ते नेमकं कुठे आहे, आणि केवढं?

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात. पश्चिमेला ॲरिझोना, उत्तरेला कोलोरॅडो, पूर्वेला टेक्सास आणि ओक्लाहोमाचा चिंचोळा पट्टा, दक्षिणेला टेक्सास आणि मेक्सिको देश. वायव्य कोपऱ्यात ॲरिझोना, युटा, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात.

क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून किंचित जास्त. अमेरिकेत या बाबतीत त्याचा पाचवा क्रमांक लागतो. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत २१ लाख १७ हजार भरली. महाराष्ट्राएवढ्या जमिनीवर इतकी थोडी माणसं, हा आकडा डोक्यात ठेवला की पुढच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. अणुबॉम्बची चाचणी इथे का झाली, हेही त्यातच आलं.

सगळं वाळवंट आहे ही समजूतही चुकीची. उत्तरेला रॉकी पर्वताचं टोक राज्यात उतरतं आणि तिथलं व्हीलर शिखर १३,१६१ फूट उंच आहे. मधोमध रिओ ग्रांदे नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. शेती, गावं आणि मोठी शहरं बहुतेक तिच्याच काठाने आहेत.

राजधानी सांता फे का? मोठं शहर तर अल्बुकर्की आहे.

कारण सांता फे आधीपासून राजधानीच आहे. १६१० मध्ये स्पॅनिश गव्हर्नर पेद्रो दे पेराल्ता याच्या काळात ते वसलं. प्लिमथच्या इंग्रज वसाहतीला तेव्हा अजून दहा वर्षं अवकाश होता. अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्यांत सांता फे सर्वांत जुनी आहे आणि सर्वांत उंचावरही, सुमारे ७,००० फुटांवर. चौकातला मातीच्या विटांचा जुना गव्हर्नरवाडा अजून उभा आहे, आणि त्याच्या ओसरीत आदिवासी कारागीर चांदीचे आणि फिरोजाचे दागिने मांडून बसतात.

विधानभवन १९६६ मधलं. अमेरिकेतलं हे एकमेव गोलाकार राज्य-विधानभवन, म्हणून लोक त्याला 'राउंडहाउस' म्हणतात. वरून पाहिलं तर त्याचा आकार झेंड्यावरच्या सूर्यासारखा दिसतो.

अल्बुकर्की म्हणजे गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजाच्या नावाचं शहर का?

गोव्याच्या इतिहासात अफोन्सो दे अल्बुकर्क भेटलेला असल्यामुळे मराठी आणि कोकणी वाचकांना हा प्रश्न हमखास पडतो. ती व्यक्ती वेगळी. त्याने गोवा घेतला १५१० मध्ये. अमेरिकेतलं शहर १७०६ मध्ये वसलं आणि त्याला त्या वेळच्या स्पॅनिश व्हाइसरॉयचं, म्हणजे अल्बुर्केर्केच्या ड्यूकचं नाव दिलं गेलं. २०२० मध्ये शहराची लोकसंख्या ५ लाख ६४ हजार होती, म्हणजे राज्यातला दर चौथा माणूस या शहरातला.

स्पॅनिशांच्या आधी इथे कोण होतं?

दक्षिणेकडच्या व्हाइट सँड्स या पांढऱ्या जिप्समच्या मैदानात माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं ठरवलं आणि अमेरिका खंडात माणूस कधी पोचला याची जुनी गणितं हलली. त्यावर वाद झाला, पण पुढच्या तपासण्यांतही वय तेवढंच येत गेलं. क्लोव्हिस आणि फॉल्सम या प्राचीन संस्कृतींची नावंही न्यू मेक्सिकोतल्याच गावांवरून पडली. फॉल्समची जागा सर्वप्रथम जॉर्ज मॅकजंकिन या कृष्णवर्णीय गुराख्याच्या नजरेला पडली. १९०८ च्या पुरानंतर ओढ्याच्या काठात त्याला प्रचंड हाडं दिसली आणि हे रानगव्याच्या आजच्या जातीचं हाड नव्हे, हे त्याने ओळखलं. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस स्वतःच्या हिकमतीवर शिकला होता. विद्वान मंडळी तिथे पोचली ती त्याच्या मृत्यूनंतर.

पुढे चाको खोऱ्यात, साधारण नवव्या ते बाराव्या शतकात, शेकडो खोल्यांच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. तिथून निघालेल्या समाजांचे वंशज म्हणजे आजचे प्वेब्लो लोक. प्वेब्लो हे एका जमातीचं नाव नाही. रिओ ग्रांदेच्या काठी आणि पश्चिमेकडच्या पठारांवर मक्याची शेती करून गावात राहणाऱ्या, पण वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या समाजांना स्पॅनिशांनी दिलेलं ते एकत्र नाव. नवाहो आणि अपाची त्यांच्याहून निराळे.

आज राज्यात मान्यताप्राप्त २३ आदिवासी राष्ट्रं आहेत: १९ प्वेब्लो, ३ अपाची आणि नवाहो. इथे 'राष्ट्र' हा शब्द शोभेसाठी वापरलेला नाही. त्यांची स्वतःची सरकारं, न्यायालयं आणि जमीन आहे.

१६८० चं बंड एवढं महत्त्वाचं का मानतात?

माझ्या मते या राज्याबद्दल एकच तारीख लक्षात ठेवायची असेल, तर ती १० ऑगस्ट १६८० ठेवावी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५४० मध्ये कोरोनादो या स्पॅनिश सरदाराची मोहीम सोन्याच्या सात नगरांच्या शोधात आली आणि हात हलवत परत गेली. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते वसाहत करायला आला. आकोमा या उंच खडकावरच्या गावाशी झालेल्या चकमकीत त्याचा पुतण्या मारला गेला. त्यावर जानेवारी १५९९ मध्ये ओन्यातेच्या सैन्याने आकोमात शेकडो माणसं कापून काढली. वाचलेल्यांपैकी २५ वर्षांवरच्या पुरुषांचा एक पाय तोडायची आणि त्यांना गुलामीत ठेवायची शिक्षा फर्मावली गेली. ही जखम चारशे वर्षांनंतरही भरलेली नाही. १९९० च्या दशकाअखेर ओन्यातेच्या पुतळ्याचा उजवा पाय कुणीतरी रातोरात करवतीने कापून नेला. २०२० मध्ये तो पुतळाच हलवावा लागला.

ओन्याते आल्यानंतरची ऐंशी वर्षं प्वेब्लोंसाठी वेठबिगार, धान्याची वसुली आणि धर्मावर घाला यांतच गेली. दुष्काळ पडले, साथी आल्या. १६७५ मध्ये गव्हर्नरने ४७ धर्मपुरुषांना चेटूक करतात म्हणून पकडलं. काहींना फासावर चढवलं, इतरांना चाबकाने फोडून काढलं. सुटून आलेल्यांत ओहके ओविंगे गावचा पोपे होता. टाओसमध्ये बसून त्याने बेत आखला.

अडचण अशी होती की शेकडो किलोमीटरवर विखुरलेल्या, परस्परांची भाषा न समजणाऱ्या गावांना एकाच दिवशी उठवायचं होतं. त्यासाठी गावोगाव पळत जाणाऱ्या दूतांबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटली की उठाव. दोन तरुण दूत स्पॅनिशांच्या हाती लागले, बेत फुटला, म्हणून ठरल्या दिवसाच्या आधीच उठाव झाला. तरीही तो यशस्वी ठरला. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ पाद्री. सांता फेला वेढा पडला, पाणी तोडलं गेलं, आणि २१ ऑगस्टला उरलेले वसाहतवाले दक्षिणेला एल पासोकडे निघून गेले.

बारा वर्षं इथे स्पॅनिश सत्ता नव्हती. १६९२ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे व्हार्गास सैन्य घेऊन आला आणि पुढची काही वर्षं लढायाही झाल्या, पण जुनी वेठबिगार पूर्वीसारखी परत आली नाही. प्वेब्लोंचे सोहळे चर्चच्या बरोबरीने चालू राहिले. आज या गावांत मूळ भाषा आणि नृत्यं टिकून आहेत, त्याचं श्रेय प्वेब्लो लोक या बंडाला देतात आणि मला ते पटतं.

वॉशिंग्टनच्या संसद-भवनात प्रत्येक राज्याला दोन पुतळे ठेवता येतात. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये त्यांतला एक पोपेचा ठेवला. हेमेस प्वेब्लोचे शिल्पकार क्लिफ फ्रागुआ यांनी घडवलेल्या या संगमरवरी पुतळ्याच्या हातात ती गाठींची दोरी आहे. पोपे दिसायला कसा होता याचं एकही चित्र नाही, तेव्हा चेहरा शिल्पकाराच्या मनातला. पाठीवर मात्र चाबकाचे वळ कोरले आहेत. सांता फेच्या वार्षिक उत्सवात व्हार्गासच्या पुनरागमनाचं नाट्यरूप दाखवायची प्रथा होती. प्वेब्लो समाजाच्या निषेधानंतर ती २०१८ मध्ये थांबली.

अमेरिकेच्या ताब्यात हा मुलूख कसा आला?

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि हा त्याचा उत्तरेकडचा प्रांत बनला. त्याच वर्षी मिसुरीहून सांता फेचा व्यापारी मार्ग खुला झाला. १८४६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध पुकारलं. १८ ऑगस्टला अमेरिकन जनरल कर्नी सांता फेत शिरला. मेक्सिकन गव्हर्नर आधीच निघून गेला होता, त्यामुळे गोळी झाडावी लागली नाही. म्हणून सगळं शांतपणे पार पडलं असं लिहिणारे पुढचं विसरतात. जानेवारी १८४७ मध्ये टाओसमध्ये मेक्सिकन आणि प्वेब्लो लोक एकत्र उठले, अमेरिकन गव्हर्नर चार्ल्स बेंट मारला गेला, आणि बदल्यात टाओस प्वेब्लोच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांवर तोफा डागल्या गेल्या. त्या चर्चचा मोडका मनोरा अजून तिथे आहे.

२ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोने निम्म्याहून जास्त भूभाग गमावला. तहात इथल्या लोकांच्या मालमत्तेचं रक्षण करायचं वचन होतं. प्रत्यक्षात स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातल्या सामाईक जमिनींचे बहुतेक दावे पुढच्या अर्धशतकात फेटाळले गेले किंवा वकिलांच्या घशात गेले. तो राग १९६७ मध्येही जिवंत होता. त्या वर्षी ५ जूनला या जमिनी परत मागणाऱ्या रेइएस लोपेस तिहेरिनाच्या साथीदारांनी तिएर्रा आमारिया इथल्या न्यायालयावर सशस्त्र चाल केली.

राज्य व्हायला १९१२ का उजाडलं?

१८५० मध्ये न्यू मेक्सिको 'प्रदेश' झाला आणि तसाच ६२ वर्षं ताटकळत राहिला. राज्यासाठी लागतील इतके लोक कधीच झाले होते. अडचण होती ती लोक कोण आहेत याची. बहुसंख्य स्पॅनिश बोलणारे, कॅथलिक, आणि वॉशिंग्टनमधल्या अनेकांच्या लेखी पुरेसे गोरे नसलेले. सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज यांनी तर हे लोक पुरेसे अमेरिकन नाहीत या मुद्द्यावर वर्षानुवर्षं अडवणूक केली. १९०६ मध्ये ॲरिझोनाशी जोडून एकच राज्य करायचा प्रस्ताव आला. न्यू मेक्सिकोने होकार दिला, ॲरिझोनाने साफ नकार. शेवटी ६ जानेवारी १९१२ ला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सही केली. ॲरिझोना त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला ४८वं राज्य झालं.

राज्य झालं तरी आदिवासींना इथे मत नव्हतं. तो हक्क १९४८ मध्ये इस्लेता प्वेब्लोचे मिगेल त्रुहिओ यांनी न्यायालयातून मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ते मरीन दलात होते. परत आले, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले आणि त्यांना नकार मिळाला.

झेंड्यावरचं लाल चिन्ह कशाचं आहे?

सूर्याचं, झिया प्वेब्लोच्या लोकांच्या सूर्याचं. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळ आणि चार दिशांना चार-चार किरण. झिया लोकांच्या श्रद्धेत चार हा आकडा पवित्र आहे: चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याच्या चार अवस्था. लाल आणि पिवळा हे रंग स्पेनच्या राजवटीचे.

१९१५ चा पहिला झेंडा निळा होता आणि त्यावर राज्याचा '४७' हा क्रमांकसुद्धा होता. तो कुणालाच फारसा आवडला नाही. मग स्पर्धा झाली आणि सांता फेचे डॉक्टर व पुरातत्त्व-अभ्यासक हॅरी मेरा यांचा नमुना १९२५ मध्ये स्वीकारला गेला. पहिला झेंडा त्यांच्या पत्नी रिबा यांनी शिवला. २००१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या झेंडा-अभ्यासकांच्या संघटनेने अमेरिकेतली राज्यं आणि कॅनडाचे प्रांत मिळून ७२ झेंड्यांचं मतदान घेतलं, त्यात हा पहिला आला.

पण इथेच थांबलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. मेरांनी हे चिन्ह घेतलं ते एका संग्रहालयातल्या जुन्या मडक्यावरून. ते मडकं झियाच्या कुण्या कुंभारणीने धार्मिक विधीसाठी घडवलेलं, आणि गावाच्या म्हणण्याप्रमाणे गावाच्या संमतीविना बाहेर गेलेलं. चिन्ह वापरायची परवानगी कुणी मागितली नाही. मडकं २००० मध्ये झियाला परत मिळालं. १९९० च्या दशकापासून झिया प्वेब्लोने भरपाई मागितली आहे, पण सरकारी चिन्हाला व्यापारचिन्हाचं संरक्षण देता येत नाही अशी कायद्याची भिंत आडवी येते. काही कंपन्या आता आधी परवानगी मागतात आणि गावाच्या शिष्यवृत्ती-निधीला देणगी देतात. बाकीचे प्लंबरच्या गाडीपासून बिअरच्या डब्यापर्यंत कुठेही तो सूर्य छापतात. झेंडा सुंदर आहे यात वाद नाही. मला मात्र तो उसना घेतलेला सूर्य वाटतो, आणि ते ऋण राज्याने अजून नीट मान्य केलेलं नाही.

बाकीची राज्यचिन्हं कोणती?

राज्यमुद्रेवर अमेरिकन गरुडाने पंखाखाली मेक्सिकन गरुडाला घेतलेलं दाखवलं आहे. ब्रीदवाक्य लॅटिन, 'क्रेस्कित एउन्दो': पुढे जाता जाता वाढत जातं. टोपणनाव 'लँड ऑफ एन्चँटमेंट', म्हणजे मोहिनी घालणारी भूमी.

राज्यपक्षी रोडरनर, उडण्यापेक्षा धावणं पसंत करणारा आणि विषारी सापही मारून खाणारा. फूल युक्काचं. झाड पिन्यॉन पाइन, ज्याच्या बिया आपल्या चिलगोज्याच्या भाऊबंद. शरद ऋतूत अख्खी कुटुंबं त्या वेचायला डोंगरात जातात. प्राणी काळं अस्वल. १९५० मध्ये कॅपिटन डोंगरातल्या वणव्यातून पोळलेलं एक पिल्लू वाचलं आणि ते देशभर वणवाविरोधी प्रचाराचं 'स्मोकी बेअर' झालं. रत्न फिरोजा. जीवाश्म सीलोफिसिस, हा घोस्ट रँच इथे ढिगाने सापडलेला छोटा डायनोसॉर.

यादीतलं माझं सगळ्यांत आवडतं चिन्ह म्हणजे राज्याचा सरपटणारा प्राणी, न्यू मेक्सिको व्हिपटेल सरडा. या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, आणि नराविना अंडी घालून त्या वंश चालवतात. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून ही जात निर्माण झाली.

'लाल की हिरवी?' हा खरंच राज्याचा अधिकृत प्रश्न आहे?

हो. विधिमंडळाने १९९० च्या दशकात तो ठरवला. हॉटेलात काहीही मागवा, वाढणारा विचारणार: लाल मिरचीचा रस्सा की हिरवीचा? दोन्ही हवे असतील तर म्हणायचं 'ख्रिसमस'. मिरची एकच असते, हिरवी काढली तर हिरवी, झाडावर पिकू दिली तर लाल. पिकलेल्या मिरच्यांच्या माळा ओवून घरासमोर टांगतात. ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानांबाहेर जाळीच्या फिरत्या पिंपांत हिरवी मिरची भाजतात, तो वास गावभर पसरतो. २०२३ मध्ये राज्याने त्या वासालाच 'अधिकृत सुगंध' जाहीर केलं.

मिरची मूळची अमेरिका खंडातलीच, पण न्यू मेक्सिकोत ती मेक्सिकोहून स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर पसरली असं मानतात. त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या बंदरातून आपल्याकडे आणली. आज मिळणाऱ्या लांब, मांसल वाणामागे फाबियान गार्सिया यांची मेहनत आहे. मेक्सिकोतल्या चिवावात जन्मलेलं हे अनाथ पोर आजीबरोबर इथे आलं, लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत शिकलं, आणि वर्षानुवर्षांच्या निवडीनंतर १९२१ मध्ये 'न्यू मेक्सिको नंबर ९' हा वाण देऊन गेलं. हॅच खोऱ्यातल्या मिरचीला सर्वाधिक मान. मजूर आणि पाणी दोन्ही दुर्मीळ झाल्याने लागवड मात्र १९९० च्या दशकाच्या तुलनेत फार घटली आहे.

आणि हो, राज्याचं बिस्किटही आहे: बडीशेपेसारख्या स्वादाचं, दालचिनी-साखर भुरभुरवलेलं बिस्कोचितो. अधिकृत बिस्किट ठरवणारं हे पहिलं राज्य, १९८९ मध्ये. पारंपरिक बिस्कोचितोत डुकराची चरबी असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं.

इथे कोणती भाषा चालते?

राज्याला कायद्याने ठरवलेली अधिकृत भाषा नाही. व्यवहार मुख्यतः इंग्रजीत. पण राज्यघटनेतच लिहिलेलं आहे की स्पॅनिश किंवा इंग्रजी येत नाही म्हणून कुणाचा मताचा, पदाचा किंवा ज्यूरीत बसण्याचा हक्क हिरावता येणार नाही. १९१० मध्ये घटना लिहिणाऱ्या स्पॅनिशभाषक प्रतिनिधींनी हे कलम मुद्दाम घालून घेतलं आणि ते सहजी बदलता येऊ नये अशीही तजवीज केली. आज जवळजवळ निम्मी लोकसंख्या हिस्पॅनिक मूळ सांगते. त्यांतली अनेक घराणी कुठून 'आलेली' नाहीत, सीमाच त्यांच्या अंगावरून सरकली. आदिवासी दहा टक्क्यांच्या आसपास आहेत.

अणुबॉम्बचा आणि भगवद्गीतेचा इथे काय संबंध?

अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर तरुणपणापासून सुट्टीत इथल्या डोंगरांत घोड्यावरून भटकत असत. १९४२ मध्ये गुप्त प्रयोगशाळेसाठी जागा शोधताना त्यांनी सुचवलेलं पठार म्हणजे लॉस ॲलामोस. तिथली मुलांची शाळा ताब्यात घेतली, आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांनाही हुसकावलं, आणि १९४३ पासून तिथे बॉम्ब घडू लागला. १६ जुलै १९४५ ला पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी दक्षिणेकडच्या होर्नादा देल मुएर्तो या रखरखीत पट्ट्यात त्याची चाचणी झाली. सांकेतिक नाव ट्रिनिटी. उष्णतेने वाळू वितळून तिची हिरवट काच झाली.

ओपनहायमर बर्कलीत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते आणि गीता मुळातून वाचत. 'कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो' (लोकांचा नाश करणारा वाढलेला काळ मी आहे) ही अकराव्या अध्यायातली ओळ आपल्याला आठवली, असं त्यांनी १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं. ती त्या पहाटे त्यांनी मोठ्याने म्हटली, ही मात्र नंतरच्या सांगण्यातली भर.

गीतेची ओळ जगभर गाजली. चाचणीच्या जागेजवळच्या तुलारोसा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची गोष्ट तितकी गाजली नाही. त्यांना आधी सूचना दिली गेली नाही, नंतर दारूगोळ्याचं कोठार उडालं असं खोटं सांगितलं गेलं. किरणोत्सारी राख त्यांच्या पाण्याच्या टाक्यांवर, पिकांवर आणि गुरांवर पडली. १९९० चा भरपाई कायदा झाला तेव्हा नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली आलेले लोक त्यात घेतले गेले, ट्रिनिटीच्या वाऱ्याखालचे वगळले गेले. त्यांचा समावेश व्हायला २०२५ उजाडलं. वायव्येला नवाहो मुलखात युरेनियमच्या खाणी चालल्या, त्याची किंमत वेगळीच. १६ जुलै १९७९ ला, म्हणजे ट्रिनिटीच्याच तारखेला, चर्च रॉक इथे बांध फुटून कोट्यवधी लिटर दूषित पाणी पुएर्को नदीत गेलं, आणि नवाहो कुटुंबं त्याच नदीवर जनावरं पाजत होती.

रोझवेलला खरंच उडती तबकडी पडली होती का?

नाही. जुलै १९४७ मध्ये एका शेतकऱ्याला रानात पडलेले अवशेष मिळाले. लष्कराने आधी 'उडती तबकडी' म्हणून पत्रक काढलं आणि लगेच शब्द फिरवून हवामानाचा फुगा सांगितलं. १९९४ च्या हवाईदलाच्या अहवालानुसार ते सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेणाऱ्या, 'मोगल' (Mogul) अशा सांकेतिक नावाच्या गुप्त प्रकल्पाचे फुगे होते.

राज्याचं पोट कशावर चालतं?

मुख्यतः दोन गोष्टींवर: आग्नेयेकडच्या पर्मियन खोऱ्यातलं तेल-वायू आणि केंद्र सरकारचा पैसा. तेल उत्पादनात आता टेक्सासनंतर याच राज्याचा क्रमांक लागतो. लॉस ॲलामोस आणि सँडिया या प्रयोगशाळा, हवाईदलाचे तळ, व्हाइट सँड्सचं क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्र, यांवर हजारो संसार चालतात. तरीही गरिबीच्या आकडेवारीत राज्य देशात शेवटच्या काहींत असतं.

उत्तरेकडच्या खेड्यांत मात्र अजून पाटाच्या पाण्यावरची शेती आहे. 'आसेकिया' म्हणतात त्या पाटांची व्यवस्था शेतकरी स्वतः बघतात, मायोरदोमो म्हणजे पाटाचा कारभारी निवडतात, वसंतात सगळे मिळून गाळ काढतात, आणि पाणी कमी पडलं तर टंचाई वाटून घेतात. असे सुमारे ७०० पाट चालू आहेत आणि कायद्यानेही त्यांना स्थान आहे.

पाहायला जायचं तर कुठे?

व्हाइट सँड्स इथे जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या सुमारे ७०० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. जिप्सम उन्हातही फारसं तापत नाही, अनवाणी चालता येतं. कार्ल्सबाडच्या चुनखडी गुहांतून उन्हाळ्यात संध्याकाळी वटवाघळांचे थवे बाहेर पडतात. ऑक्टोबरात अल्बुकर्कीला गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो. १९७२ मध्ये १३ फुग्यांनी सुरू झालेला हा मेळा आता जगातल्या सर्वांत मोठ्यांत आहे. टाओसमध्ये नीम करोली बाबांच्या आश्रमात जयपूरला घडवलेली हनुमानाची संगमरवरी मूर्ती आहे. जवळपास असाल तर चुकवू नका. उंचीमुळे पहिल्या दिवशी दम लागतो, पाणी भरपूर प्या.

प्वेब्लो गावांत जाता येतं का?

काही गावांत येतं, त्यांच्या अटींवर. टाओस प्वेब्लोची मातीची बहुमजली घरं जागतिक वारशात आहेत आणि तिथे लोक राहतात. या गावाने काय सोसलं ते माहीत करून जावं. त्यांचं पवित्र सरोवर, ब्लू लेक, १९०६ मध्ये सरकारने जंगलखात्यात घातलं. पैसे देऊ केले तेव्हा गावाने ते नाकारले आणि सरोवरच परत मागितलं. १५ डिसेंबर १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली आणि ४८,००० एकर गावाला परत मिळाले. बाहेरच्यांना तिथे आजही प्रवेश नाही, आणि नसावाच. आकोमाच्या खडकावर फक्त त्यांच्या मार्गदर्शकाबरोबर जाता येतं.

विधींसाठी गावं काही दिवस, कधी काही आठवडे पाहुण्यांना बंद असतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं. फोटोची परवानगी गावागणिक वेगळी असते. नृत्याच्या दिवशी कॅमेरा, फोन आणि रेखाटनाची वहीसुद्धा बहुतेक ठिकाणी चालत नाही. किव्हा, म्हणजे विधींच्या खोल्या, आणि स्मशानाकडे फिरकू नये. ही नृत्यं प्रार्थना आहेत, त्यामुळे संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात.